पावसाळ्यात पट्टे वर सरकतात: हळद चूर्णाच्या टीएलसीतली दरवर्षीची अडचण

मृगाचा पाऊस लागला की औषधी वनस्पतींच्या लॅबमध्ये काम करणाऱ्या ओळखीच्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. प्रश्न ठरलेला असतो, आणि तो टीएलसीचा, म्हणजे थिन लेयर क्रोमॅटोग्राफीचा: सिलिकाचा पातळ थर दिलेल्या प्लेटवर अर्क लावायचा, खालून द्रव चढू द्यायचा, आणि अर्कातले घटक वेगवेगळ्या उंचीवर पट्टे होऊन थांबतात. "मॅडम, जानेवारीत पास झालेली हळद आता जुळत नाही. पट्टे तिन्ही दिसतात, पण जागेवर नाहीत. बॅच रिजेक्ट करू का?"

करू नका. आधी प्लेट तपासा, मग हळद.

हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण माझ्या हातून हीच चूक झाली होती. कोल्हापूरजवळच्या एका लहान आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्यात मी क्वालिटी कंट्रोलला नवीन होते. जुलैत सांगलीकडून सेलम जातीच्या हळदीची एक लॉट आली. चूर्ण करून टीएलसी लावली, तर करक्युमिनचा, म्हणजे हळदीच्या मुख्य पिवळ्या रंगद्रव्याचा, पट्टा माझ्या वहीतल्या आकड्यापेक्षा बराच वर. वहीत आरएफ (पट्ट्याने चढलेलं अंतर भागिले द्रवाने चढलेलं अंतर) ०.५२ होतं, प्लेटवर ०.६१ आलं. मी रिपोर्टवर लिहून मोकळी झाले: ओळख पटत नाही. माल देणारे काका दुसऱ्या दिवशी भर पावसात आले. "मॅडम, हळद माझ्या रानातलीच हाय. मी सोता शिजवलीया, सोता वाळवलीया. त्यात दुसरं काय असंल?" माझ्याकडे त्यांच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं, फक्त आकडा होता. तो माल अकरा दिवस अडकून पडला. हळदीत काहीच खोट नव्हती. खोट माझ्या प्लेट हाताळण्यात होती, आणि ती समजायला मला ते अकरा दिवस लागले.

लक्षण काय असतं ते आधी सांगते. सिलिका जेल ६० एफ२५४ या प्रकारची प्लेट; मोबाइल फेज, म्हणजे प्लेटवर चढणारा द्रव, क्लोरोफॉर्म आणि मेथॅनॉल ९५:५. हळदीच्या अर्काचे तीन पिवळे पट्टे साध्या उजेडातही दिसतात आणि ३६६ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली झळाळून उठतात. सगळ्यात वरचा आणि ठसठशीत पट्टा करक्युमिनचा, त्याखाली डिमेथॉक्सीकरक्युमिन, सगळ्यात खाली बिसडिमेथॉक्सीकरक्युमिन. कोरड्या दिवसांत तिघांमध्ये स्वच्छ पांढरी फट असते. पावसाळ्यात तिन्ही वर सरकतात आणि फट बुजायला लागते. कधी कधी वरचे दोन एकमेकांना चिकटून एकच जाड पट्टा होतो.

ही फट बुजणं मला आरएफ बदलण्यापेक्षा जास्त काळजीचं वाटतं. नैसर्गिक हळदीत तिन्ही रंगद्रव्यं एका ठरावीक प्रमाणात येतात. वेगळ्या काढलेल्या नैसर्गिक करक्युमिनात ढोबळमानाने तीन चतुर्थांशाहून थोडं जास्त करक्युमिन, साधारण सहावा हिस्सा डिमेथॉक्सी आणि अगदी थोडं बिसडिमेथॉक्सी असतं. कुणी हलक्या चूर्णात कारखान्यात बनवलेलं करक्युमिन घालून रंग चढवला, तर वरचा पट्टा भडक आणि खालचे दोन फिके दिसतात. जावा हळद म्हणून मिळणाऱ्या दुसऱ्या जातीत तर सगळ्यात खालचा पट्टा नसतोच. म्हणजे खरं-खोटं ओळखायचं ते या तीन पट्ट्यांच्या आपसातल्या नात्यावरून, आणि पट्टे एकमेकांत मिसळले की तेच नातं पुसलं जातं. ओल्या प्लेटवर चांगली हळद नापास होऊ शकते, तशीच वाईट हळद पासही होऊ शकते.

आता शोध कुठून सुरू करायचा? पहिला प्रश्न: त्याच प्लेटवर शेजारी लावलेलं स्टँडर्ड, म्हणजे खात्रीच्या करक्युमिनचं द्रावण, सरकलंय का? स्टँडर्ड आणि सँपल दोन्ही सारखेच वर गेले असतील, तर दोष औषधात नाही. स्टँडर्ड जागेवर आहे आणि सँपलच वेगळं वागतंय, तर मात्र औषधाकडे बघा. मी त्या वेळी स्टँडर्ड लावलंच नव्हतं. जानेवारीच्या वहीतला आकडा हेच माझं स्टँडर्ड होतं. आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथात, टीएलसीच्या खाली आरएफचे आकडे छापलेले असतात, आणि नवीन माणूस ते आकडे दगडावरची रेघ समजतो. आरएफ हा त्या दिवशीच्या, त्या खोलीतल्या, त्या प्लेटचा आकडा आहे. शेजारी स्टँडर्ड आणि खात्रीच्या हळकुंडाचा अर्क नसेल, तर त्या आकड्यावरून कुणाचा माल परत पाठवू नका.

दुसरं, मोजमाप. ऐकायला अगदीच साधं वाटेल, पण मला आलेल्या तक्रारींपैकी काही इथेच मिटल्या आहेत. अंतर मोजायचं ते सँपल लावलेल्या रेषेपासून, प्लेटच्या कडेपासून नाही. समजा रेषा कडेपासून ८ मिलिमीटरवर आहे, द्रव ७० मिलिमीटरपर्यंत चढलाय आणि पट्टा ४० वर आहे. बरोबर हिशोब ३२ भागिले ६२, म्हणजे ०.५२. कडेपासून मोजलंत तर ४० भागिले ७०, म्हणजे ०.५७. एका लॅबमध्ये दोन जण दोन पद्धतींनी मोजत असतील, तर पाऊस नसतानाही पट्टे "सरकतात".

हे दोन्ही पाहून झालं आणि तरी पट्टे वरच असले, तर मग ओलावा. माझ्या अनुभवात जून ते सप्टेंबर खरा गुन्हेगार हाच.

सिलिकाच्या कणांवर ओएच गट असतात, आणि त्यांनाच धरून आपली रंगद्रव्यं मागे राहतात. हवेतलं पाणी हे गट आधीच अडवून बसतं. पंगतीत पाट आधीच भरलेले असले की नव्याने आलेला माणूस पुढे सरकत जातो, तसं होतं. करक्युमिनला धरायला जागा उरत नाही आणि ते द्रवाबरोबर वर निघून जातं. आमच्या खोलीत जुलैत हायग्रोमीटरचा (हवेतली आर्द्रता मोजणाऱ्या यंत्राचा) काटा ८५ टक्क्यांच्या आसपास असायचा, आणि जानेवारीच्या दुपारी ३५ वर.

मला कोड्यात टाकणारी गोष्ट पुढची होती. मी प्लेट १०० ते ११० अंशांवर ओव्हनमध्ये अर्धा तास तापवत होते. पुस्तकात तसंच लिहिलं होतं. मग पाणी आलं कुठून?

उत्तर मिळालं ते घड्याळ लावून स्वतःचं काम बघितल्यावर. ओव्हनमधून प्लेट काढली. गार होऊ दिली. पेन्सिलने रेषा मारली. केशनळीने आठ ठिकाणी सँपल लावलं, प्रत्येक थर वाळेपर्यंत हळूहळू फुंकर घालत. यात पंधरा-वीस मिनिटं गेली, आणि एवढा वेळ कोरडीठाक सिलिका जुलैच्या हवेत उघडी होती. कोरडी सिलिका काही मिनिटांतच हवेतला ओलावा पिऊन घेते. त्यात भर माझ्या तोंडच्या फुंकरीची, म्हणजे मी स्वतःच वाफ सोडत होते. ओव्हनमधला अर्धा तास फुकट गेला होता. (फुंकर आजच बंद करा. थंड हवेचा ड्रायर वापरा.)

म्हणून उपायात क्रम महत्त्वाचा आहे. प्लेटचा ओलावा एका पातळीवर आणण्याची पायरी सँपल लावण्याच्या आधी ठेवली तर तिचा काही उपयोग नाही. ती सँपल लावून, वाळवून झाल्यावर आणि चेंबरमध्ये, म्हणजे मोबाइल फेज भरलेल्या झाकणाच्या टाकीत, टाकण्याच्या अगदी आधी यायला हवी. दुसरं असं की प्लेट पूर्ण कोरडी करण्याचा हट्ट सोडा. ती दर वेळी सारखीच ओली असेल एवढं बघा. अमेरिकन फार्माकोपियाच्या २०३ क्रमांकाच्या प्रकरणात वनस्पतींच्या एचपीटीएलसीसाठी (टीएलसीच्याच जास्त काटेकोर प्रकारासाठी) हेच सांगितलंय: मॅग्नेशियम क्लोराइडच्या संपृक्त द्रावणावर प्लेट ठेवायची, म्हणजे ती सुमारे ३३ टक्के सापेक्ष आर्द्रतेला स्थिर होते. महागड्या यंत्रात ही सोय आतच असते. आमच्याकडे ते यंत्र नव्हतं. मी घट्ट झाकणाचा काचेचा डबा घेतला. तळाशी बशीत मॅग्नेशियम क्लोराइड थोड्याच पाण्यात कालवून ठेवलं, वर जाळी आणि जाळीवर प्लेट. झाकण लावून पाऊण तास. मग डबा चेंबरच्या अगदी शेजारी आणून उघडायचा आणि प्लेट सरळ आत सोडायची. हातात धरून बोलत उभं राहायचं नाही.

बशीतल्या द्रावणाकडे रोज लक्ष द्या. तळाशी न विरघळलेले खडे दिसलेच पाहिजेत. हा क्षार स्वतःच हवेतलं पाणी ओढतो, आणि डबा सारखा उघडला की दोन-चार दिवसांत खडे विरघळून नुसतं पाणी उरतं. मग ते द्रावण संपृक्त राहत नाही आणि आतली आर्द्रता वाढत जाते. एका ऑगस्टमध्ये मी हा उपाय करूनही पट्टे सरकले होते. कारण इतकंच निघालं. मूठभर क्षार आणखी घातला आणि दुसऱ्या दिवशी पट्टे खाली आले.

तुमचा त्रास ओलाव्याचाच आहे की आणखी कशाचा, हे एका दिवसात तपासता येतं. एकच प्लेट मधून कापा. दोन्ही अर्ध्यांवर तेच स्टँडर्ड, तोच अर्क लावा. एक अर्धी मॅग्नेशियम क्लोराइडच्या डब्यात ठेवा. दुसरी साध्या मिठाच्या संपृक्त द्रावणावर ठेवा, तिथे आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास राहते. मग दोन्ही एकाच मोबाइल फेजमध्ये चालवा. दोघींच्या पट्ट्यांत फरक आला, तर पाऊस हेच कारण. फरक नगण्य आला, तर कारण दुसरीकडे शोधा. त्या अकराव्या दिवशी मी हेच केलं होतं. मिठावरच्या अर्धीत वरचे दोन पट्टे गळ्यात गळा घालून बसलेले, आणि दुसऱ्या अर्धीत तिन्ही वेगळे, मधे पांढरी फट, स्टँडर्डच्या अगदी रांगेत. दिव्याखाली ती प्लेट धरून मी बराच वेळ उभी होते. डोळ्यांसमोर भिजलेले काका आले.

ओलाव्याखालोखाल चेंबरचं सॅच्युरेशन, म्हणजे आतली हवा द्रवाच्या वाफेने भरू देणं. मागच्या भिंतीला फिल्टर पेपर लावायचा, मोबाइल फेजने तो भिजवायचा, झाकण घट्ट लावून २० मिनिटं थांबायचं. घाईत हे टाळलं, तर द्रव चढता चढता प्लेटवरून उडून जातो, तेवढा जास्त द्रव खालून ओढला जातो आणि आरएफ वाढतात. याची खूण ओलाव्यापेक्षा वेगळी असते: कडेचे पट्टे मधल्यांपेक्षा वर जातात आणि सगळी रांग वाटीसारखी वाकते. रांग सरळ असून सगळेच वर गेलेत तर ओलावा धरा, रांग वाकलीय तर चेंबर बघा. चेंबर पंख्याखाली किंवा एसीच्या झोताखाली ठेवू नका. द्रवाची पातळी सँपलच्या रेषेखाली राहील एवढीच भरा. रेषा ८ मिलिमीटरवर असेल तर द्रव ५ पर्यंत पुरे. नाहीतर सँपल तळ्यातच विरघळून जातं.

मग क्लोरोफॉर्मची बाटली. त्याकडे बहुतेक जण बघतच नाहीत. क्लोरोफॉर्म टिकावा म्हणून त्यात काही कंपन्या इथेनॉल घालतात, अर्धा ते एक टक्क्यापर्यंत, आणि काही अ‍ॅमिलीन घालतात, तेही अगदी थोडं. इथेनॉल स्वतः पाण्यासारखं ध्रुवीय (पोलर) असल्याने पट्टे वर ढकलतं. ९५:५ मध्ये हा फरक खपून जातो, पण ज्यांच्या पद्धतीत मेथॅनॉल दोनच टक्के आहे, त्यांना नवीन बाटली उघडल्या दिवसापासून पट्टे वेगळे दिसतात. खरेदी विभागाने स्वस्त पडलं म्हणून बाटली बदललेली असते आणि लॅबला पत्ता नसतो. लेबल वाचा, वहीत लिहा.

मोबाइल फेज रोज ताजं करा आणि एक प्लेट झाली की ओतून द्या. कालचं द्रावण आज चालवलं की त्यातला जास्त उडणारा भाग कमी झालेला असतो. त्रिफळ्यातल्या गॅलिक अ‍ॅसिडसाठी टोल्युइन, इथाइल अ‍ॅसिटेट, फॉर्मिक अ‍ॅसिड आणि मेथॅनॉलचं मिश्रण वापरतात. त्यात तर फॉर्मिक अ‍ॅसिड आणि मेथॅनॉलची रात्रभरात आपसात रासायनिक क्रिया होऊन एस्टर बनतं. सकाळी बाटलीत असतं ते काल मोजून केलेलं मिश्रण राहिलेलं नसतं.

जास्त सँपल लावल्याने पट्ट्यांना शेपट्या फुटतात, आणि शेपूट असलेल्या पट्ट्याचा मध्य कुणी कुठेही धरतो. एक ग्रॅम चूर्ण १० मिलिलिटर मेथॅनॉलमध्ये, दहा मिनिटं सोनिकेट (ध्वनिलहरींनी हलवणं), गाळून २ ते ५ मायक्रोलिटर. एवढं पुष्कळ झालं. स्टँडर्डचं द्रावण तपकिरी बाटलीत, फॉइल गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. करक्युमिन उजेडात खराब होतं, आणि खिडकीतल्या रॅकवर आठवडाभर राहिलेलं स्टँडर्ड फिकं पडतं. मग सँपलमध्येच काहीतरी जास्त घातलंय असा उलटाच संशय येतो.

एवढं सगळं दुरुस्त केल्यावर स्टँडर्ड जागेवर आलं आणि तरी सँपल जुळलं नाही, तर मात्र गय करू नका. हे चूर्ण कुणाच्या तरी पोटात जाणार आहे. सुरुवातीच्या रेषेजवळच एखादा पिवळा पट्टा अडकून बसलेला दिसला, तर मेटॅनिल यलोचा संशय घ्या. हा पाण्यात विरघळणारा रंग क्लोरोफॉर्मबरोबर वर चढत नाही. वेगळ्या परीक्षानळीत हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड घालून बघा: किरमिजी रंग आला आणि पाणी घालून पातळ केल्यावरही तो टिकला, तर संशय पक्का. तीव्र अ‍ॅसिडने हळदही लालसर होते, पण पाणी घातलं की तो रंग जातो. लेड क्रोमेटची, म्हणजे शिशाच्या पिवळ्या रंगाची, भेसळ मात्र या प्लेटवर दिसतच नाही. तो खनिज रंग मेथॅनॉलमध्ये उतरत नाही. सुंदर तीन पट्टे दिसले म्हणून शिशाची तपासणी सोडली, तर लेड क्रोमेट घातलेली हळद बिनबोभाट पास होईल.

हा त्रास हळदीपुरता नाही. सिलिकाच्या प्लेटवर जे जे चालतं, त्या सगळ्याला पावसाळा लागतो. अश्वगंधात तर पुढची आणखी एक पायरी नडते: अ‍ॅनिसाल्डिहाइड हे रंग उमटवणारं रसायन फवारल्यावर प्लेट किती तापवली आणि किती वेळ, यावर पट्ट्यांचे रंग ठरतात, आणि मुळांच्या चूर्णात पानांची भेसळ आहे का हे त्या रंगपट्ट्यांवरूनच बघायचं असतं. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना पानं वापरू नका म्हणून सूचना काढली, तेव्हापासून अश्वगंधाच्या प्लेटला जास्तच महत्त्व आलंय. तिथेही आधी ओलावा, मग बाकीचं. एचपीएलसी या यंत्राच्या सी१८ कॉलमला (घटक वेगळे करणाऱ्या बंद नळीला) खोलीतल्या हवेचा असा त्रास नाही, पण लहान कारखान्यांना परवडणारी रोजची तपासणी अजून टीएलसीच आहे. आणि ही पद्धत मुळात वनौषधींवरच घडली, याचं मला फार अप्रूप वाटतं. १९३८ मध्ये युक्रेनमधल्या खारकिवला इझमाइलोव्ह आणि श्रायबर या दोघांनी काचेवर अ‍ॅल्युमिनाचा पातळ थर पसरून त्यावर वनस्पतींचे औषधी अर्क तपासले होते. पुढे १९५० च्या दशकात एगॉन श्टाल यांनी सिलिकाचे थर प्रमाणित केले.

सांगलीजवळ हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायचे. बाहेरची हवा लागू नये म्हणून पेवाचं तोंड बंद करून टाकायचे. काकांच्या आजोबांची हळद तिथेच असायची, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. माझा रिपोर्ट मी रद्द केला, दुरुस्त केलेला सही करून त्यांच्या हातात दिला आणि चूक माझी होती असं त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी दोन्ही प्लेटा दिव्याखाली बघायला मागितल्या. वाकून बघत राहिले, मग बोटाने दाखवून विचारलं, "ही तीन पिवळी रेघ म्हंजे माझी हळद?" मी हो म्हटलं. मिठावरच्या अर्धीकडे बोट करून म्हणाले, "आणि ही बी माझीच?"

तेव्हापासून माझ्या टीएलसीच्या वहीत प्रत्येक प्लेटपुढे चार गोष्टी असतात: खोलीतली आर्द्रता आणि तापमान, क्षाराच्या डब्यात किती मिनिटं, क्लोरोफॉर्मची बाटली कोणती, आणि स्टँडर्डचा त्या दिवशीचा आरएफ. सँपलचा आकडा मी त्यांच्यानंतर लिहिते. तुमच्याकडे पट्टे सरकले असतील, तर या चार गोष्टी आणि प्लेटचा ३६६ खालचा फोटो घेऊन बसा. फोटोत सँपलच्या दोन्ही बाजूंना स्टँडर्ड हवं.